नाव न दिलेलं विष कोणत्या चाचणीत सापडणार?

सायनोबॅक्टेरियांच्या नव्या प्रजाती शोधायच्या, त्यांना लॅटिन नावं द्यायची, जुन्या वंशांची फोड करून नवे वंश मांडायचे, या कामात आता वेळ आणि पैसा घालवू नये, असं मत सध्या बरंच ऐकू येतं. चर्चासत्रांत ऐकू येतं, संशोधन प्रकल्पांच्या छाननीत ऐकू येतं, आणि ज्यांनी हे काम पुढे न्यायचं त्या वनस्पतिशास्त्र विभागांच्या स्टाफरूममध्येही ऐकू येतं. मांडणी साधारण अशी असते: धरणाचं पाणी पिण्याजोगं आहे की नाही हे विषाची चाचणी सांगते, तिथे कोणती प्रजाती वाढली याच्याशी लोकांना काय करायचंय? शिवाय पाण्यातला सगळा डीएनए आता एका दमात वाचता येतो, मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तंतूंची रुंदी मोजत कशाला बसायचं? आणि ही नावं टिकतात तरी कुठे? आज एक, चार वर्षांनी दुसरं. नवी प्रजाती म्हणजे नवा शोधनिबंध, यापलीकडे त्यातून काही निघत नाही.

असं बोलणारी माणसं अडाणी नाहीत. त्यांच्यातले कित्येक उत्तम संशोधक आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात एका ठिकाणी तथ्यही आहे; त्याबद्दल पुढे लिहितोच. पण मूळ मत चुकीचं आहे. ते धोरण म्हणून स्वीकारलं गेलं तर त्याची किंमत सामान्य पाणी पिणाऱ्याला मोजावी लागेल.

पावसाळ्यात फरशीवर धरणारा काळपट-हिरवा बुळबुळीत थर, भातखाचरातल्या पाण्यावरचा तवंग, उन्हाळ्यात आटत चाललेल्या जलाशयावर पसरणारा हिरवा रंग, यांत बहुतेक वेळा सायनोबॅक्टेरिया असतात. शेतकरी त्यांना निळं-हिरवं शेवाळ म्हणून ओळखतो. प्रत्यक्षात ते जीवाणू आहेत, आणि सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत पहिल्यांदा ऑक्सिजन साठू लागला तो त्यांच्यामुळे. इतक्या जुन्या घराण्यात किती शाखा असतील आणि त्यांतली प्रत्येक काय काय करत असेल, याचा अंदाज आपल्याला अजून नीट आलेला नाही. आक्षेप घेणाऱ्यांनी पहिल्यांदा ही गोष्ट लक्षात घ्यावी.

आता विषाच्या चाचणीचा मुद्दा. 1979 सालच्या नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळ पाम आयलंडवर मुलं आजारी पडू लागली. उलट्या, सुजलेलं यकृत, मग मूत्रपिंडांवर परिणाम, काहींना रक्ताची हगवण. एकूण 148 जणांना हा आजार झाला आणि त्यांत 138 मुलं होती. वस्ती मूळ आदिवासींची. नेहमीच्या तपासण्यांत कारण सापडेना, म्हणून त्याला ‘पाम आयलंडचा गूढ आजार’ असंच नाव पडलं.

धागा मिळाला तो सॉलोमन धरणात. बेटाला पाणी याच धरणाचं जायचं. पाण्यावर दाट वाढ झाली होती, चवीच्या आणि वासाच्या तक्रारी आल्या होत्या, म्हणून आजार सुरू होण्याच्या काही दिवस आधी धरणात मोरचूद टाकलं गेलं होतं. मोरचुदाने पेशी फुटतात आणि पेशीत साठलेलं जे काही असेल ते पाण्यात उतरतं. संशोधकांनी धरणातला एक तंतुमय सायनोबॅक्टेरिया वेगळा करून प्रयोगशाळेत वाढवला: सिलिंड्रोस्पर्मॉप्सिस रॅसिबोर्स्की. तो उंदरांना दिल्यावर त्यांच्या यकृताची तशाच प्रकारची हानी दिसली. हे निष्कर्ष 1985 मध्ये प्रसिद्ध झाले. विषाच्या रेणूची रचना उलगडली 1992 मध्ये, आणि त्याचं नाव त्या जिवावरूनच ठेवलं गेलं: सिलिंड्रोस्पर्मॉप्सिन.

हा क्रम नीट पाहावा. 1979 मध्ये जगातली कुठलीही प्रयोगशाळा त्या पाण्यात हे विष शोधू शकली नसती, कारण असं विष असतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. चाचणी ज्ञात विषाचीच होते. आजही मायक्रोसिस्टिन या सायनोबॅक्टेरियांच्या दुसऱ्या विषासाठी बनवलेला तपासणी संच सिलिंड्रोस्पर्मॉप्सिन दाखवत नाही, कारण दोन रेणूंची घडणच वेगळी आहे. आधी जीव ओळखला गेला, त्यातून विष सापडलं, आणि विष सापडल्यावर चाचणी बनली. ‘चाचणी आहे ना, मग जिवाची ओळख कशाला’ असं विचारणारा माणूस हा क्रमच उलटा धरतो.

आणि तो जीव ओळखता आला तो कशाच्या आधारावर? 1912 मध्ये वोवोशिन्स्का या पोलिश संशोधिकेने जावातल्या एका तळ्यातल्या तंतूचं वर्णन करून त्याला अॅनाबीना वंशात ठेवलं होतं. 1972 मध्ये सीनय्या आणि सुब्बा राजू या भारतीय अभ्यासकांनी, टोकाच्या पेशींचं वेगळेपण ध्यानात घेऊन, त्याच्यासाठी सिलिंड्रोस्पर्मॉप्सिस हा स्वतंत्र वंश मान्य केला. पाम आयलंडच्या मुलांचा प्रश्न तेव्हा उभाच राहिलेला नव्हता. ‘या कामाचा समाजाला उपयोग काय’ असा रकाना त्यांना भरायला लावला असता तर तो कोरा राहिला असता. सात वर्षांनी पाम आयलंडला त्याच कामाची गरज पडली.

दुसरी हकीकत अमेरिकेतली आहे आणि ती अधिक बोलकी आहे. 1994 च्या हिवाळ्यात आर्कान्सामधल्या डीग्रे सरोवरापाशी बाल्ड ईगल, म्हणजे अमेरिकेच्या राजमुद्रेवरचा गरुड, मरून पडू लागले. शवविच्छेदनात मेंदूच्या पांढऱ्या भागात पोकळ्या दिसल्या. तिथल्या पाणपक्ष्यांतही तोच विकार होता, विशेषतः आपल्याकडे चांदवा किंवा वारकरी म्हणतात त्या पक्ष्याच्या अमेरिकी भावंडात. विषाणू नव्हता. कीटकनाशकं, जड धातू, सगळं तपासून झालं. ज्ञात विषांच्या यादीत काहीच जुळेना.

माग लागला तो उलट्या दिशेने. गरुड हे पाणपक्षी खातात, पाणपक्षी हायड्रिला नावाची पाणवनस्पती खातात. हायड्रिला आपल्याकडच्या तळ्यांत आपसूक वाढते. अमेरिकेत ती मत्स्यालयांच्या व्यापारातून पोचली आणि तिथल्या जलाशयांत माजली. सुसान वाइल्ड या संशोधिकेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वनस्पतीची पानं उलटी करून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तेव्हा पानांच्या खालच्या बाजूला एका तंतुमय सायनोबॅक्टेरियाच्या वसाहती दिसल्या. ज्या जलाशयांत पक्षी मरत होते तिथल्या पानांवर तो होता. माहीत असलेल्या कुठल्याही वंशात तो बसत नव्हता. 2014 मध्ये त्याला नवा वंश आणि नवी प्रजाती म्हणून नाव मिळालं: एटॉक्थोनॉस हायड्रिलिकोला. त्यानंतर जर्मनीतल्या प्रयोगशाळेत तो वाढवला गेला, पण तिथे तो विष बनवेना. पानांवरच्या वसाहतींत मात्र ब्रोमिन असलेला एक रेणू सापडला. वाढीच्या द्रावणात ब्रोमाइड घातल्यावर प्रयोगशाळेतला जीवही विष बनवू लागला. 2021 मध्ये ते विष जाहीर झालं.

या सगळ्याला 27 वर्षं लागली. त्यातला मोठा काळ गेला तो एका अनोळखी जिवाला ओळखण्यात आणि तो जिवंत वाढवण्यात. एका अज्ञात जिवासाठी इतकी वर्षं लागत असतील, तर आपल्या तळ्यांत आणि धरणांत असे किती जीव नाव न मिळता पडून आहेत याचा विचार करणं भाग आहे.

डीएनएच्या मुद्द्याकडे येऊ. जनुक-वाचनाची ताकद मला मान्य आहे. 1998 मध्ये संशोधक जोनाथन झेर यांना प्रशांत महासागराच्या पाण्यात नायट्रोजन स्थिर करणाऱ्या जनुकाचा एक छोटा तुकडा सापडला. त्याचा मालक कोण हे कुणी पाहिलेलं नव्हतं. पुढे त्याला यूसीवायएन-ए असं तात्पुरतं नाव मिळालं. 2010 पर्यंत त्याचा जीनोमही वाचला गेला. प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेचा मोठा भाग त्यातून गायब होता. तुकडा होता, जीनोम होता, पण हा जीव जगतो कसा याचं पक्कं उत्तर नव्हतं. ते मिळालं ते क्योको हागिनो या जपानी संशोधिकेमुळे. ज्या समुद्री शैवालात तो राहतो ते शैवाल प्रयोगशाळेत जिवंत वाढवायला त्यांनी दशकाहून अधिक काळ खर्ची घातला. जिवंत पेशी हाती आल्यावर दिसलं की यजमान पेशी विभागते तेव्हा हाही तिच्याबरोबर विभागतो, आणि त्याला लागणारी कित्येक प्रथिनं यजमानाकडून येतात. 2024 मध्ये जाहीर झालं की हा पाहुणा आता पेशीचा अवयवच बनला आहे. नायट्रोप्लास्ट हे त्याचं नाव. जनुकाने दार दाखवलं हे खरं. आत काय आहे ते जिवंत पेशी पाहिल्यावरच कळलं.

याच्या उलट घडलेली एक गोष्ट तर सगळ्याच जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकवली पाहिजे. 1943 मध्ये लाल समुद्री शैवालांत हरितद्रव्याचा एक नवा प्रकार नोंदवला गेला: क्लोरोफिल डी. पुढे तो कधी सापडे, कधी सापडत नसे. त्यामुळे ही प्रयोगातली गफलत असावी असं बऱ्याच जणांना वाटू लागलं. 1996 मध्ये जपानी संशोधकांनी पलाऊच्या समुद्रातून अॅकॅरियोक्लोरिस मरीना नावाचा नवा सायनोबॅक्टेरिया वेगळा केला, आणि त्याचं मुख्य हरितद्रव्यच क्लोरोफिल डी निघालं. 2004 मध्ये कळलं की याच वंशातला सायनोबॅक्टेरिया लाल शैवालांच्या अंगावर वाढतो. साठ वर्षं एका जिवाचं द्रव्य दुसऱ्याच्या नावावर जमा होत होतं. रसायनशास्त्र अचूक होतं. द्रव्य खरंच होतं. चुकली होती ती जिवाची ओळख. ज्यांना जिवाची ओळख पटवणं हे दुय्यम काम वाटतं त्यांनी या साठ वर्षांचा हिशेब द्यावा.

शिवाय पाण्यातल्या डीएनएचा तुकडा वाचला की संगणक काय करतो? तो तुकडा संदर्भसंग्रहातल्या कशाशी जुळतो ते सांगतो. तो संग्रह ज्यांनी भरला त्यांनी आधी कुठेतरी एक जिवंत वाण वेगळा केला, ओळखला, त्याचं जनुक वाचून नावासकट जमा केलं. नाव चुकीचं असेल तर यंत्र ती चूक हजारो नमुन्यांवर जशीच्या तशी चिकटवतं. नोस्टॉक या वंशाच्या नावाखाली जमा झालेल्या नोंदींत परस्परांशी जवळचं नातं नसलेले कित्येक वंश मिसळलेले आहेत, हे या क्षेत्रातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. ती गुंतागुंत सोडवणारा माणूस काढून टाकला तर यंत्र तेच चुकीचं नाव छापत राहील.

नावं सारखी बदलतात, ही तक्रार खरी आहे. पाम आयलंडच्या त्या जिवाचंच नाव 2018 मध्ये पुन्हा बदललं. आता तो रॅफिडिऑप्सिस रॅसिबोर्स्की आहे. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळांत यावरून चिडचिड झाली असेल तर ती मी समजू शकतो. पण हा बदल का झाला? सिलिंड्रोस्पर्मॉप्सिसच्या तंतूला टोकाशी हेटरोसिस्ट, म्हणजे नायट्रोजन स्थिर करणारी खास पेशी असते. रॅफिडिऑप्सिसला ती नसते. एवढ्यावरून दोन वंश वेगळे मानले गेले होते. जनुकं तपासल्यावर दोन्ही एकाच वंशाचे निघाले, आणि हेटरोसिस्ट नसलेल्या रॅफिडिऑप्सिसचे काही वाणही तेच विष बनवतात हे तर आधीच दिसलं होतं. जुन्या नावांवर चालणारा तपासनीस टोकाला हेटरोसिस्ट दिसला नाही की हा तंतू त्या विषारी वंशातला नाही असं समजून पुढे गेला असता. नाव बदललं म्हणून धोक्याची व्याप्ती नीट कळली.

जवळचं उदाहरण घ्या. 2017 मध्ये मध्य प्रदेशातल्या मातीतून मिळालेल्या एका वाणाला नोस्टॉक थर्मोटॉलरन्स असं नाव दिलं गेलं. दोनच वर्षांत, 2019 मध्ये, त्याला नोस्टॉकमधून काढून देसिकाचार्या या नव्या वंशात हलवलं. हे काम करणाऱ्यांत घाटकोपरच्या रामनिरंजन झुनझुनवाला महाविद्यालयातले अभ्यासक होते. वंशाचं नाव टी. व्ही. देसिकाचारी यांच्या स्मरणार्थ. त्यांचा ‘सायनोफायटा’ हा 1959 चा ग्रंथ भारतीय कृषी संशोधन परिषदेने काढला आणि आजही तो आपल्याकडच्या प्रयोगशाळांत उघडला जातो. दोन वर्षांत नाव बदललं याला काही जण पोरखेळ म्हणतील. मी याला सचोटी म्हणतो. नवीन दोन प्रजाती शेजारी ठेवून पाहिल्यावर जुनी जागा चुकीची ठरली आणि ते उघडपणे मांडलं गेलं. निदान बदलणाऱ्या डॉक्टरावर आपण राग धरत नाही, न बदलणाऱ्यावर धरतो.

आता ज्या ठिकाणी आक्षेपात तथ्य आहे तिथे येतो. एकच वाण, जीवाणूंच्या ओळखीसाठी वाचलं जाणारं एकच 16एस जनुक, त्यातला थोडासा फरक, आणि लगेच नवी प्रजाती, असे निबंध निघतात. 16एस जनुकातली समानता 98.7 टक्क्यांच्या खाली गेली तर प्रजाती वेगळी असण्याची दाट शक्यता आणि 94.5 टक्क्यांच्या खाली वंश वेगळा, हे आकडे दिशा दाखवण्यासाठी आहेत. काही जण त्यांचा शिक्क्यासारखा वापर करतात. त्यात नियमांच्या दोन संहितांचा घोळ. वनस्पतींच्या नामसंहितेला वाळवलेला किंवा निष्क्रिय करून जपलेला नमुना पुरतो. जीवाणूंच्या संहितेला दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवलेला शुद्ध, जिवंत वाण लागतो. सायनोबॅक्टेरिया जीवाणूंच्या संहितेखाली आणावेत हा प्रस्ताव रॉजर स्टेनियर आणि सहकाऱ्यांनी 1978 मध्ये मांडला. तेव्हापासून हे जीव दोन्ही दारांत उभे आहेत आणि बहुतेक अभ्यासक अजून वनस्पतींच्याच संहितेने नावं देतात. ही अडचण आहे, आणि ती या क्षेत्रातल्या लोकांनीच निस्तरायची आहे.

पण याचा इलाज वर्गीकरण बंद करणं हा कसा होईल? एका वाणावर घाईने नाव देणं चूक असेल तर अनेक ठिकाणचे वाण वाढवावे लागतील, म्हणजे काम वाढेल. आणि चांगलं काम कसं होतं हे आक्षेप घेणाऱ्यांनी एकदा जवळून पाहावं. बांधावरचा काळपट-हिरवा, जेलीसारखा गोळा आणायचा, धुवायचा, नायट्रेट न घातलेल्या बीजी-11 या पोषक अगारवर पसरायचा. वाढ सावकाश. बरोबर बुरशी येते, इतर जीवाणू येतात. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक ओढलेल्या काचेच्या नळीने एकच तंतू उचलून नव्या ताटलीत घालायचा, आणि तो एकटा वाढेपर्यंत हेच पुन्हा पुन्हा. मग त्याचं सगळं आयुष्य पाहायचं: कोवळे तुकडे हलतात की नाही, हेटरोसिस्ट टोकाला येतो की मध्ये, उपास घडला की जाड भिंतीच्या पेशींच्या माळा कशा धरतात. त्यानंतर जनुक, आणि 16एसच्या शेजारच्या तुकड्याच्या घड्या. यात महिने जातात. या माणसाच्या कामाला जे ‘नावं देणं’ म्हणतात त्यांनी त्याची ताटली कधी हातात घेतलेली नसते.

महाराष्ट्रात याची गरज किती आहे हे लोणारने दाखवलं. जून 2020 मध्ये सरोवर गुलाबी झालं तेव्हा शेवाळामुळे झालं असा अंदाज सगळीकडे पसरला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले तेव्हा रंग खारट पाण्यातल्या हॅलोआर्किया गटाच्या सूक्ष्मजीवांचा निघाला. भातशेतीचंही तेच. नायट्रोजन स्थिर करणारं हे शेवाळ भातखाचराचा कस राखतं हे पी. के. डे यांनी 1939 मध्ये बंगालच्या खाचरांवरून दाखवलं, बनारसच्या आर. एन. सिंह यांनी त्याच्या आधारे ऊसर, म्हणजे क्षारपड जमिनी सुधारून दाखवल्या. आज अॅनाबीना, नोस्टॉक, टॉलिपोथ्रिक्स, ऑलोसिरा अशी नावं जैविक खतांच्या पाकिटांवर येतात. कोकणातल्या जांभ्या मातीत टिकणारा वाण कोणता आणि खारजमिनीत टिकणारा कोणता, हे एवढ्या ढोबळ नावांवरून शेतकऱ्याला सांगता येत नाही. कराडच्या नावाने ओळखली जाणारी कन्स्ट्रिक्टिफिलम कराडेन्स ही प्रजाती आणि तिचा नवा वंश आपल्याच राज्यातला आहे. एका गावाच्या परिसरातून अख्खा नवा वंश निघतो, तर कोकणापासून विदर्भापर्यंत काय पडून असेल याची कल्पना करता येईल.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. राज्यातल्या प्रत्येक विद्यापीठात शैवाल आणि सायनोबॅक्टेरियांचं वर्गीकरण करणारं किमान एक कायमचं पद हवं. जिवंत वाणांच्या संग्रहांना प्रकल्पापुरतं नव्हे, दरवर्षीचं अनुदान हवं; निधी थांबला की ताटल्या वाळतात आणि वाण मरतात. आणि पुढच्या उन्हाळ्यात एखाद्या धरणावर हिरवा तवंग आला, तर पाणीपुरवठा खात्याने मोरचूद टाकण्याआधी त्यातलं बाटलीभर पाणी जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडे धाडावं. ते ओळखणारा माणूस तिथे असेल याची तजवीज सरकारने आत्ताच करावी.